अमेरिकेतल्या फेडरल जजांवर वचक कोणाचा? तक्रारी, केस वाटप आणि कारभार

कोर्टकचेरी (धागाकर्ता)

न्या. यशवंत वर्मा यांचं प्रकरण गाजल्यापासून इथल्या बऱ्याच धाग्यांवर एक वाक्य हमखास येतं: "अमेरिकेत असतं तर जजसाहेब दुसऱ्या दिवशी घरी." हे साफ चूक आहे, म्हणून वेगळा धागा.

फेडरल जजची नेमणूक तहहयात. आपल्याकडे हायकोर्टाला ६२ आणि सुप्रीम कोर्टाला ६५ ही निवृत्तीची वयं आहेत, तिथे वयाची अटच नाही. घटनेचं तिसरं कलम सांगतं की वर्तन चांगलं असेपर्यंत पद राहील आणि पगार कमी करता येणार नाही. घरी पाठवायचा रस्ता एकच: काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) खालच्या सभागृहाने, म्हणजे हाउसने, महाभियोग लावायचा, वरच्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजवर १५ जजांवर हाउसने महाभियोग लावला, त्यांतले ८ दोषी ठरले. शेवटचे २०१० साली लुइझियानाचे थॉमस पोर्टियस. त्याआधी १९८९ मध्ये काढलेले ॲल्सी हेस्टिंग्ज तर १९९२ ला त्याच हाउसवर निवडून गेले आणि २०२१ मध्ये वारले तोवर खासदार होते!

रोजच्या वचकासाठी हे हत्यार कुचकामाचं. प्रत्यक्ष कारभार बघतात ते वेगळेच. १९३९ पर्यंत फेडरल कोर्टांचा हिशेब, कर्मचारी, खरेदी हे सगळं न्याय खात्याकडे होतं. म्हणजे कोर्टात सर्वांत जास्त वेळा उभा राहणारा पक्षकारच कोर्टाची तिजोरी सांभाळायचा. रूझवेल्टच्या १९३७ च्या कोर्ट-पॅकिंगचा (सुप्रीम कोर्टात जज वाढवून बहुमत फिरवण्याच्या बेताचा) धुरळा बसल्यावर १९३९ चा कायदा आला आणि त्यातून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस आणि सर्किटवार (सर्किट म्हणजे एका अपील कोर्टाचा विभाग, त्याखाली डिस्ट्रिक्ट कोर्टं) ज्युडिशियल कौन्सिलं निघाली. धोरण ठरवणारी ज्युडिशियल कॉन्फरन्स त्याहून जुनी, सरन्यायाधीश टाफ्ट यांच्या वेळची, १९२२ ची. अध्यक्ष सरन्यायाधीश, सभासद २६, सगळेच्या सगळे जज. बैठक वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरात.

पण खरी किल्ली असते सर्किटच्या चीफ जजकडे. तो ठरतो कसा? निवडणूक नाही, मुलाखत नाही. त्या सर्किटमध्ये किमान एक वर्ष काढलेल्या, ६५ च्या आतल्या जजांमध्ये जो ज्येष्ठ तो चीफ, सात वर्षांसाठी किंवा सत्तरी गाठेपर्यंत. कारभाराची आवड, वकूब, काही विचारलं जात नाही.

या सगळ्या रचनेत बाहेरचा माणूस कुठेच नाही. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसचा संचालकही सरन्यायाधीशच नेमतात. सुधारायचं तर कुठून, यावर लिहा. डाव्या-उजव्यांची धुळवड कृपया दुसऱ्या धाग्यावर.

एडिसनकर

चर्चा भरकटायच्या आधी एक खुलासा. इमिग्रेशन जज यात येत नाहीत. ते न्याय खात्याचे कर्मचारी, ॲटर्नी जनरलच्या हाताखालचे. तहहयात वगैरे काही नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज वर्षानुवर्षं अडकला म्हणून आपली मंडळी मॅन्डेमसचा (सरकारी कचेरीला अडलेलं काम करायला लावणारा) जो दावा लावतात, तो मात्र डिस्ट्रिक्ट कोर्टात, ४०५ डॉलर फी भरून. तिथला जज या धाग्यातला.

बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरीचे, जज (मुदत १४ वर्षं, नेमणूक सर्किट कोर्टाकडून) आणि मॅजिस्ट्रेट जज, म्हणजे डिस्ट्रिक्ट जजांचे मदतनीस (पूर्ण वेळचे असतील तर ८ वर्षं, नेमणूक डिस्ट्रिक्टच्या जजांकडून) हे मधले. तक्रारीचा कायदा त्यांनाही लागू, आणि गैरवर्तन, अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा असमर्थता या कारणांनी त्यांना महाभियोगाशिवाय काढता येतं.

मृणाल_द

तक्रार प्रत्यक्षात कशी चालते ते लिहिते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. कायदा १९८० चा, ज्युडिशियल कंडक्ट अँड डिसॅबिलिटी ॲक्ट.

तक्रार कोणीही करू शकतो. पक्षकार, वकील, कर्मचारी, तिऱ्हाईत, कोणीही. फी नाही, मुदतीची अट नाही. फॉर्म ठरलेला आहे (एओ ३१०), सोबत हकिगत जास्तीत जास्त पाच पानी, खोटं असेल तर शपथभंगाची शिक्षा मान्य आहे अशी सही. ती द्यायची त्या सर्किटच्या अपील कोर्टाच्या क्लार्ककडे. लोक डिस्ट्रिक्ट कोर्टात देतात किंवा चालू खटल्याच्याच फाइलला लावतात आणि पहिल्या पायरीलाच घसरतात.

मग ती चीफ जजकडे जाते. त्याच्यापुढे रस्ते ठरलेले आहेत: फेटाळणे, चूक सुधारली गेली असेल तर प्रकरण बंद करणे, किंवा विशेष समिती नेमणे. फेटाळण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तक्रार निकालाच्या गुणदोषांशी निगडित असणं. "जजने माझा पुरावा बघितलाच नाही", "जज सरकारच्या बाजूचा आहे, निकालावरूनच दिसतं", हे सगळं त्यात जातं. त्यासाठी अपील आहे. दरवर्षी हजाराच्या वर तक्रारी येतात, त्यांत हरलेले पक्षकार आणि तुरुंगातले कैदी भरपूर, आणि बहुसंख्य याच कारणाने जातात. त्यात गैर काही नाही. ती गाळणी नसेल तर प्रत्येक निकालाविरुद्ध दोन अपिलं होतील.

अडचण दुसरीकडे आहे. चीफ जजला फक्त मर्यादित चौकशी करता येते. म्हणजे संबंधित जजचं म्हणणं मागवणं, कागद बघणं, एखाद-दुसऱ्याशी बोलणं. ज्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही बाजूंनी वाजवी वाद आहे, तिथे त्याने स्वतः निष्कर्ष काढायचा नाही, समिती नेमायची. प्रत्यक्षात काय होतं? जज लिहून देतो "मी असं बोललो नाही", आणि तक्रार "पुराव्याअभावी" बंद. न्यायमूर्ती ब्रायर यांच्या समितीने २००६ मध्ये जुन्या तक्रारी तपासल्या तेव्हा सरसकट तक्रारींत चुकीची हाताळणी थोडी निघाली, पण गाजलेल्या १७ प्रकरणांपैकी ५ चुकीची हाताळलेली होती. म्हणजे जिथे चौकशीची सर्वांत जास्त गरज, तिथेच सर्वांत जास्त घोळ. त्यानंतर २००८ मध्ये सगळ्या सर्किटांना बंधनकारक असे एकसारखे नियम आले, पुढे २०१५ आणि २०१९ मध्ये सुधारले.

फेटाळलेल्या तक्रारीवर फेरविचाराचा अर्ज सर्किटच्या ज्युडिशियल कौन्सिलकडे, आदेशाच्या तारखेपासून ४२ दिवसांत. आदेश हातात पडल्यापासून नव्हे, तारखेपासून. टपालात आठवडा गेला तर तो तुमचाच गेला.

समिती नेमली तर तीत चीफ जज आणि समसमान संख्येने सर्किट व डिस्ट्रिक्ट जज. तिचा अहवाल कौन्सिलपुढे. कौन्सिल काय करू शकतं: खाजगी किंवा जाहीर ताशेरे, ठरावीक काळ नवीन खटले न देणं, सेवेच्या वर्षांची अट शिथिल करून स्वेच्छानिवृत्तीची विनंती, असमर्थतेचा दाखला. पद काढून घेऊ शकत नाही, पगार कापू शकत नाही. फार तर ज्युडिशियल कॉन्फरन्सकडे पाठवायचं आणि कॉन्फरन्सने हाउसला कळवायचं की हे महाभियोगाच्या योग्यतेचं दिसतंय.

आण्णा_मिरजकर

छान लिहिलंय ताई. एक शंका. चौकशी चालू असताना जजने राजीनामा टाकला तर?

मृणाल_द

अण्णा, मर्मावर बोट ठेवलंत. कायदा "जज" या पदाला लागू आहे, माणसाला नाही. तो जज राहिला नाही की चौकशी सहसा तिथेच थांबते. नवव्या सर्किटचे ॲलेक्स कोझिन्स्की यांच्याविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे आरोप आले, डिसेंबर २०१७ मध्ये ते निवृत्त झाले, प्रकरण बंद. तिसऱ्या सर्किटच्या मेरीॲन ट्रम्प बॅरी यांच्या कौटुंबिक करव्यवहारांबद्दलची तक्रार २०१९ मध्ये त्यांच्या निवृत्तीबरोबर संपली. आणि वर चढलं तरी तेच: ब्रेट कॅव्हना यांच्याविरुद्धच्या ८३ तक्रारी दहाव्या सर्किटच्या कौन्सिलने डिसेंबर २०१८ मध्ये फेटाळल्या. कारण इतकंच, की ते आता सुप्रीम कोर्टात होते आणि तिथे हा कायदा पोचत नाही.

निवृत्ती आणि राजीनामा यांत पैशाचा फरक मात्र मोठा आहे. वय आणि सेवा मिळून ८० भरली (६५ वय व १५ वर्षं सेवा, तिथून ७० व १० पर्यंत) तर निवृत्त जजला शेवटचा पगार आयुष्यभर. ती अट पुरी नसताना राजीनामा दिला तर असं काही मिळत नाही. अलास्काचे जोशुआ किंड्रेड यांनी जुलै २०२४ मध्ये दिलेला राजीनामा या दुसऱ्या प्रकारातला. त्या प्रकरणात नवव्या सर्किटने एक चांगलं केलं: राजीनामा आला तरी अहवाल जाहीर केला, आणि सप्टेंबरात ज्युडिशियल कॉन्फरन्सने ते हाउसकडे पाठवलं. म्हणजे इच्छा असेल तर काम पूर्ण करता येतं. सुधारणा एका वाक्याची आहे: समिती एकदा नेमली गेली की पद सोडल्याने चौकशी थांबणार नाही आणि अहवाल प्रसिद्ध होईल. विधेयकं येतात आणि समितीतच राहतात.

दांडपट्टा

इतकं सगळं वाचून एकच कळलं, जजांची चौकशी जजांनी, जजांच्या नियमाने, जजांपुढे. चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली! सरकारच्या एकूण एक खात्याला १९७८ च्या कायद्याने इन्स्पेक्टर जनरल आहे, न्यायसंस्थेला का नको? सिनेटर ग्रासली कित्येक वर्षं तेच म्हणतायत.

कोर्टकचेरी

दांडपट्टा, इन्स्पेक्टर जनरल नेमणार कोण? अध्यक्षांनी नेमला तर १९३९ आधीचंच दुखणं परत: पक्षकार पंचाची झडती घेणार. म्हणून ती विधेयकंही म्हणतात की सरन्यायाधीशांनी नेमावा. मग "आतलाच माणूस" हा तुमचा आक्षेप जिथल्या तिथे राहिला. हिशेब, खरेदी, कंत्राटं, आयटी यांच्या तपासणीसाठी असा अधिकारी असायला माझी हरकत नाही. पण निकालामागे काय होतं हे विचारायची मुभा त्याला मिळाली तर पुढच्या सरकारला तेवढं दार पुरेल.

शिवाय पैशाच्या बाबतीत एक कवच आधीच आहे. न्यायसंस्थेचं अंदाजपत्रक अध्यक्षांना जसंच्या तसं काँग्रेसकडे पाठवावं लागतं, कात्री लावता येत नाही. काँग्रेस लावते तो भाग वेगळा. पण कोर्टाच्या इमारती जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनकडे आणि जजांचं संरक्षण करणारे यू. एस. मार्शल न्याय खात्याकडे. स्वायत्तता म्हणतात ती अशी भाड्याच्या घरातली आहे.

दांडपट्टा

हिशेबापुरता तरी येऊ द्या मग. आणि कर्मचाऱ्यांचं काय? जजच्या चेंबरमध्ये चार-पाच माणसं. लॉ क्लार्क, म्हणजे जजचे कायद्याचे मदतनीस, वर्ष-दोन वर्षांसाठी आलेली पंचविशीतली मुलं. पुढची प्रत्येक नोकरी त्या जजच्या शिफारशीवर. ती तक्रार करणार?

मृणाल_द

करत नाहीत, आणि त्यांच्यासाठी कायदाही तोकडा आहे. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६४ चा कायदा या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. काँग्रेसने १९९५ मध्ये स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, तेव्हाही न्यायसंस्था वगळली. त्यांच्यासाठी अंतर्गत तक्रार योजना आहे, तिचा निर्णयही त्याच सर्किटमधले लोक देतात. कोझिन्स्की प्रकरणानंतर प्रत्येक सर्किटमध्ये कामाच्या ठिकाणच्या वर्तनासाठी अधिकारी नेमले गेले आणि गोपनीयतेचा नियम बदलला: गैरवर्तनाबद्दल बोलायला गोपनीयतेच्या शपथेची आडकाठी नाही, हे आता नियमात स्पष्ट लिहिलंय. उपयोगी बदल आहे. पण कोर्टात दाद मागायचा सरळ हक्क अजून नाही.

खंडाळा_घाट

वृद्ध जजांचं काय? पॉलिन न्यूमन यांच्याबद्दल वाचलं होतं.

कोर्टकचेरी

फेडरल सर्किटच्या (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाच्या) पॉलिन न्यूमन, जन्म १९२७, पेटंट कायद्यातलं मोठं नाव. २०२३ मध्ये चीफ जज किंबर्ली मूर यांनी स्वतःहून तक्रार सुरू केली: कामात विलंब, गोंधळ, कर्मचाऱ्यांशी वागणूक. समितीने मज्जासंस्थेची तपासणी आणि वैद्यकीय कागदपत्रं मागितली. न्यूमन यांचं म्हणणं, तुम्ही माझेच सहकारी, तुम्हीच तक्रारदार, साक्षीदार आणि न्यायाधीश. प्रकरण दुसऱ्या सर्किटकडे पाठवा. पाठवलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सहकार्य न केल्याबद्दल एक वर्ष नवीन खटले बंद, २०२४ ला पुन्हा, २०२५ ला पुन्हा. डी. सी. सर्किटने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या निकालांवर बोट ठेवून त्यांची याचिका उचलून धरली नाही.

त्या काम करण्याच्या स्थितीत आहेत की नाहीत यावर दोन्ही बाजूंचे वैद्यकीय दावे आहेत, त्यात पडत नाही. पण दर वर्षी नव्याने "एक वर्ष" म्हणत राहिलं तर तात्पुरती बंदी कायमची कधी होते? कायद्यातले शब्द "तात्पुरत्या, ठरावीक काळासाठी" एवढेच आहेत, कमाल मर्यादा नाही. आणि तक्रार दुसऱ्या सर्किटकडे सोपवण्याची तरतूद नियमांत आधीपासून आहे, फक्त ती ऐच्छिक आहे. साक्षीदार त्याच कोर्टातले असतील तर ती सक्तीची करायला हवी. यासाठी कायदाही लागणार नाही, ज्युडिशियल कॉन्फरन्सचा एक ठराव पुरेल.

सोलापूरी_चादर

तक्रारींइतकंच महत्त्वाचं, किंबहुना जास्त, म्हणजे खटला कोणाकडे जातो. यावर कोणी लिहिलं नाही म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे रोस्टर, म्हणजे कोणता खटला कोणाकडे याचा तक्ता, सरन्यायाधीशांच्या किंवा हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या हातात. अमेरिकेत डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज मिळून वाटपाचा आदेश काढतात आणि संगणक चिठ्ठ्या टाकतो. ऐकायला उत्तम. पण वाटप डिस्ट्रिक्टभर नसून डिव्हिजनवार असतं. टेक्सासच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्टमध्ये सात डिव्हिजन आहेत. डॅलसपासून साडेतीनशे मैलांवरच्या अमरिलो डिव्हिजनमध्ये दिवाणी दावे जवळपास सगळेच एका जजकडे, मॅथ्यू कॅस्मेरिक. म्हणजे अमरिलोत दावा लावणं म्हणजे जज निवडणं. गर्भपाताच्या गोळीविरुद्धच्या खटल्यातली मुख्य संघटना अमरिलोत नोंदवली गेली ऑगस्ट २०२२ मध्ये आणि दावा लागला नोव्हेंबरात! एप्रिल २०२३ मध्ये हवा तसा देशव्यापी आदेश मिळाला. जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ९-० ने सांगितलं की या वादींना दावा लावायचा अधिकारच नव्हता. मधलं वर्षभर औषध कंपन्या, डॉक्टर आणि रुग्ण टांगणीला.

आणि हे एकाच बाजूचं दुखणं नाही. जो पक्ष विरोधात असतो त्याचे वकील आपल्याला मानवेल असं कोर्ट शोधतात. टेक्सासात एका-जजच्या डिव्हिजन आहेत म्हणून तिथे ते उघडंनागडं दिसतं, एवढंच. पेटंटमध्ये तर राजकारणाचा संबंधही नव्हता. टेक्सासच्याच वेको डिव्हिजनमध्ये ॲलन ऑल्ब्राइट २०१८ ला आले, पेटंटवाल्यांना या म्हणाले, आणि एक वेळ अशी आली की देशातल्या पेटंट खटल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एका माणसासमोर. जुलै २०२२ मध्ये चीफ जजने एक आदेश काढला: वेकोतले पेटंट दावे डिस्ट्रिक्टमधल्या १२ जजांत चिठ्ठीने वाटा. एका आदेशाने ओघ वळला. कायदा नाही, महाभियोग नाही.

हाच उपाय देशभर करायला ज्युडिशियल कॉन्फरन्सने मार्च २०२४ मध्ये धोरण जाहीर केलं: राज्याच्या किंवा केंद्राच्या कायद्याला वा धोरणाला सर्वत्र स्थगिती मागणारा दिवाणी दावा असेल तर वाटप डिस्ट्रिक्टभर. काही दिवसांतच खुलासा आला की ही शिफारस आहे, सक्ती नाही. टेक्सास नॉर्दर्नच्या चीफ जजनी महिनाअखेरीस सिनेटर शूमर यांना लिहून कळवलं की आमच्या जजांनी बदल न करायचं ठरवलंय. विषय संपला.

कारण कायद्यात आहे. वाटपाचा अधिकार डिस्ट्रिक्ट कोर्टाला दिलेला आहे. कॉन्फरन्स धोरण आखते, हुकूम देत नाही. सर्किटच्या कौन्सिलला प्रशासकीय आदेश काढता येतात, पण टेक्सास ज्यात येतं त्या पाचव्या सर्किटच्या कौन्सिलने तो काढलेला नाही. तेव्हा सुधारणा करायची तर त्या कलमात एक ओळ घालून, आणि ती कधी लागू होणार हे आधी ठरवून, म्हणजे फायदा कोणाला हे मत देणाऱ्याला माहीत नसावं. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सर्वव्यापी मनाईहुकमांवर मर्यादा घातल्यामुळे धार थोडी कमी झाली आहे, पण वर्गदावे (अनेकांच्या वतीने एकत्र लावलेले) आणि नियम रद्द करण्याचे दावे आहेतच.

डिव्हिजन सरसकट मोडा असं मात्र म्हणू नका. अमरिलोतल्या अपघाताच्या दाव्यासाठी साक्षीदाराला डॅलसला नेणं चुकीचंच. ज्या दाव्याचा गावाशी संबंध आहे तो गावात राहू दे.

एडिसनकर

प्रतिसाद आवडला. ह्यूस्टनच्या बँकरप्सी कोर्टाचंही उदाहरण जोडा. मोठी प्रकरणं फक्त दोन जजांच्या पॅनेलकडे, त्यामुळे देशभरच्या कंपन्या तिथे. त्यांतले एक डेव्हिड जोन्स. वारंवार त्यांच्यासमोर येणाऱ्या फर्मच्या एका वकिलाशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते आणि ते उघड केलेले नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या चीफ जजनी तक्रार दाखल केली आणि जोन्स यांनी राजीनामा दिला. त्या फर्मला मिळालेल्या फीवरून पुढे खटल्यांची रांग लागली. वाटप जितकं एकवटलेलं तितकी एका माणसाच्या चुकीची किंमत मोठी.

खंडाळा_घाट

हितसंबंध तपासायला संगणक नसतो का? कंपनीचं नाव टाकलं की कळायला हवं.

मृणाल_द

असतो. २००६ पासून सर्व कोर्टांना सक्तीचा आहे. जजने आपल्या गुंतवणुकीची यादी द्यायची, क्लार्कच्या कचेरीने ती प्रणालीत भरायची, नवा दावा आला की पक्षकारांच्या नावांशी ताळा. तरी २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने शोधलं की २०१० ते २०१८ मध्ये १३१ जजांनी ६८५ खटले असे ऐकले ज्यांत त्यांचा किंवा कुटुंबाचा आर्थिक संबंध होता. कायदा कडक आहे: एक शेअर असला तरी बाजूला व्हायचं, रक्कम कितीही क्षुल्लक असो. म्युच्युअल फंडाला सूट आहे.

मग फसतं कुठे? यादी जुनी राहते. पत्नीच्या किंवा पतीच्या खात्यातले शेअर यादीत येत नाहीत. पोर्टफोलिओ मॅनेजर मधेच खरेदी करतो आणि जजला तिमाही पत्रकातून कळतं. आणि सर्वांत जास्त फसतं नावात: दावा उपकंपनीच्या नावे, शेअर मूळ कंपनीचे. त्यासाठी कंपन्यांना मूळ कंपनी आणि १० टक्क्यांवरचे सूचीबद्ध भागधारक जाहीर करावे लागतात, पण ते पत्रक पीडीएफ. कोणी हाताने भरलं नाही तर प्रणालीला दिसत नाही.

मे २०२२ च्या कायद्याने आर्थिक विवरणपत्रं ऑनलाइन आली आणि १,००० डॉलरवरचा शेअर व्यवहार ४५ दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक झालं. त्याआधी प्रत लेखी मागावी लागायची आणि कोणी मागितली ते जजला कळायचं! आता सरळ उपाय उरतो तो म्हणजे सुटे शेअर बाळगायलाच बंदी. फंडात पैसे ठेवा, कटकट मिटली.

आण्णा_मिरजकर

सुप्रीम कोर्टालाही हेच नियम?

मृणाल_द

बाजूला होण्याचा आणि विवरणपत्राचा कायदा लागू, तक्रारीचा नाही. १३ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी पहिल्यांदा लेखी आचारसंहिता काढली. तक्रार कोणाकडे करायची हे तीत नाही. न्यायमूर्ती केगन यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सुचवलं की सरन्यायाधीशांनी अनुभवी खालच्या जजांची समिती नेमावी. तिथेच थांबलंय.

सोलापूरी_चादर

विलंबाबद्दल कोणीच बोललं नाही. १९९० च्या सिव्हिल जस्टिस रिफॉर्म ॲक्टमधली एक साधी तरतूद या सगळ्यांपेक्षा परिणामकारक आहे. सहा महिन्यांहून जास्त पडून असलेले अर्ज आणि तीन वर्षांहून जुने दिवाणी दावे, जजच्या नावानिशी, दर ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला जाहीर. दंड काही नाही, फक्त नाव. आणि त्या दोन तारखांच्या आधी देशभर निकालांचा पाऊस पडतो. वकील मंडळी अर्ज दाखल करतानाच हिशेब मांडतात. अर्जाचं घड्याळ दाखल झाल्यावर ३० दिवसांनी सुरू होतं, म्हणजे मुदत खरं तर सात महिने.

पळवाटाही आहेत. अर्ज "पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून" फेटाळायचा, वकिलाने तोच परत लावायचा, घड्याळ शून्यावर. म्हणून मूळ अर्जाची तारीख पुढच्या अर्जाला चिकटून राहील असा बदल हवा.

पण जजच कमी असतील तर यादी लावून काय होणार? कॉन्फरन्सचा निकष असा: जागेमागे ४३० भारित दावे झाले की नवी जागा मागायची. भारित म्हणजे पेटंट दाव्याचं वजन जास्त, कर्जवसुलीचं नगण्य. शेवटचं मोठं जागावाढीचं विधेयक १९९० चं. कॅलिफोर्नियाच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे साक्रामेंटो-फ्रेस्नो, १९७८ पासून कायम जागा सहाच. २०२४ मध्ये ६३ कायम जागांचं विधेयक आलं, दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने, म्हणजे कोणता अध्यक्ष भरेल ते आधी कळू नये. ऑगस्टमध्ये सिनेटने एकमताने मंजूर केलं. हाउस निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत बसून राहिलं, डिसेंबरात मत दिलं, आणि बायडेन यांनी २३ डिसेंबरला नकाराधिकार वापरला. तीन महिने आधी मत झालं असतं तर जागा मिळाल्या असत्या.

दांडपट्टा

नाव जाहीर केल्याने जज हलतात हे पटलं. मग तक्रारींतही नावं जाहीर करा की. आणि आपल्याकडे तर तेवढंही नाही.

कोर्टकचेरी

आपल्याकडच्या पद्धतीचं मूळ मुंबईतच आहे. १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्याविरुद्ध वकील संघटनांनी राजीनाम्याचे ठराव केले, त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ठरावांनी दबाव आणू नका, सरन्यायाधीशांकडे माहिती द्या. त्यातून १९९९ ची अंतर्गत चौकशी पद्धत. ती कोर्टाच्या ठरावावर उभी आहे, संसदेच्या कायद्यावर नाही. फॉर्म, मुदत, फेरविचार, प्रसिद्धी यांचा हक्क तक्रारदाराला मिळत नाही. संसदेचा रस्ता म्हणजे १९६८ चा कायदा, त्याला लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० सदस्य लागतात. तेव्हा अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर महाभियोगाची भव्यता नको, ते ४२ दिवसांचं फेरविचाराचं कलम घ्या.

खंडाळा_घाट

हे आदेश आणि विवरणपत्रं वाचायची कुठे? पेसरला, म्हणजे फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन प्रणालीला, पैसे पडतात ना?

सोलापूरी_चादर

पेसर पानाला १० सेंट, एका कागदपत्राला कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर माफ. कोर्टाचे निकाल तिथे फुकट, पैसे पडतात ते अर्ज, जोडपत्रं आणि शोधाला. शोध नेमका टाका, कारण निकाल न सापडला तरी शोधाच्या पानाचे पैसे लागतात. आधी कोर्टलिसनरवर बघा, दुसऱ्या कोणी उतरवलेला कागद तिथे मोफत असतो. जजांची आर्थिक विवरणपत्रंही त्या साइटवर आहेत.

तक्रारींवरचे आदेश पेसरवर नसतात, प्रत्येक सर्किटच्या संकेतस्थळावर न्यायिक गैरवर्तनाच्या पानावर असतात. फेटाळलेल्या तक्रारीत जजचं नाव सहसा छापत नाहीत, तक्रारदाराचंही नाही. त्यामुळे नावाने शोधू नका. सर्किट आणि वर्ष धरून तक्रार क्रमांकाने जा, आणि आदेशाखाली फेरविचाराचा दुसरा आदेश लावलाय का ते बघा.